डाव्या कानाचं यंत्र

माझ्या धाकट्या जावेबद्दल चांगलंच सांगायचं, असं ठरवून सुरुवात करते. ती चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते, आणि पर्समधून क्रेडिट कार्ड काढते तेव्हा दोन बोटांत असं धरते, की बघणाऱ्याला ते दिसलंच पाहिजे. झालं, चांगलं सांगून संपलं.

माझं कार्ड प्रीपेड. आधी भरायचं, मग खर्चायचं. मी लोकांच्या पँटी आखूड करून देते, चेन बदलून देते. आठवड्याचे पैसे आले की थोडे कार्डात टाकते. दोघींनी कार्डं एकाच दिवशी घेतली. बँकेतल्या बाईंनी दोन्ही फॉर्म पुढे ठेवले.

"ताई, हे क्रेडिटवालं घ्या ना! वस्तू आज, पैसे मागनं," धाकटी म्हणाली.

"नसलेले पैसे खर्चायला माझा हात धजत नाही बाई," मी म्हटलं.

बँकेतल्या बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली, पण हसल्या तिच्याकडे बघून. तेव्हापासून तिचं ते कार्ड माझ्या डोळ्यांत सलतंय.

आमच्या सासूबाईंना दोन वर्षं झाली, ऐकू येईनासं झालं होतं. दोन्ही कानांच्या यंत्रांची किंमत मी गुपचूप विचारून आले आणि कार्ड भरायला लागले. घ्यायची तर जोडीच घ्यायची, आणि सासूबाईंच्या हातात ठेवताना धाकटी समोर हवी, एवढं माझं पक्कं होतं. अकरा महिने भरले. आणखी दोन भरले की झालं असतं.

आणि परवाच्या रविवारी धाकटी एक डबी घेऊन आली. तिच्या कार्डाची मर्यादा एकाच यंत्रापुरती, म्हणून फक्त उजव्या कानाचं आणलेलं, तेही सहा हप्त्यांत. तिनं ते बसवलं आणि विचारलं, "आई, ऐकू येतंय?"

सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या रडायला लागल्या. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला सांगू? माझ्या पोटात दुखलं.

आता माझी एक खोड सांगते. माझं शिलाई मशीन सासूबाईंच्या खोलीत आहे, खिडकीपाशी. तोंडात टाचण्या नसल्या की मी शिवता शिवता पुटपुटते. त्यांना ऐकू येत नाही म्हणून दोन वर्षं मनातलं सगळं तिथंच ओकत आले होते. सोमवारी सकाळी सवयीनं मशीनवर बसले आणि तोंड सुरू झालं.

"मिरवतेय बघा कशी! उसन्या पैशांवर लाडकी सून झाली. मी इथं अकरा महिने पोटाला चिमटा काढून यंत्रासाठी कार्ड भरतेय, आणि पहिली हाक मारली हिनं."

"किती भरलेस गं?"

माझा पाय पायट्यावरच थांबला. सासूबाई कॉटवर बसून सरळ माझ्याकडे बघत होत्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

मी आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे एका कानापुरते कधीच झाले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हाच एक आणलं असतंस, तर पहिली हाक तुझी ऐकली असती. चार महिने मी उगाच तुमच्या तोंडांकडे बघत मान हलवत बसले."

त्याच दुपारी बाजारात गेले आणि डाव्या कानाचं यंत्र घेऊन आले. हप्ता नाही, व्याज नाही, एका पैशाचं देणं नाही. धाकटी कामावर होती, घरात बघायला कुणी नव्हतं. मी ते हलकेच त्यांच्या कानात बसवलं आणि कधीपासून घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं.

"आई, ऐकू येतंय?"

"येतंय की," सासूबाई म्हणाल्या. "कालपासूनच येतंय."