गोमाजीचा जबाब

आंधळगावात भय्याजीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि भय्याजीनं आपली कधी टर उडवली नाही असं म्हणणारा तर मुळीच नाही. दिसायला चारचौघांसारखा. दोन एकर धानाची शेती, विरळ केस, सुटलेलं पोट. पण दिवाळी झाली, गावोगावच्या जत्रा म्हणजे आमच्याकडच्या मंडया सुरू झाल्या, की हाच माणूस खडी गमतीत जोकर म्हणून उभा राही आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोट धरून हसायला लावी. खडी गमत म्हणजे उभ्याउभ्यानं करायचा लोकांचा खेळ. एक शाहीर, एक ढोलकीवाला, एक जोकर आणि लुगडं नेसून बाईचं काम करणारा एक गडी.

हा गडी म्हणजे गोमाजी. तुमसरच्या राईस मिलमध्ये जन्मभर पोती उचललेला, मनगटं ही एवढाली. पण लुगडं नेसून त्यानं मान वेळावली, की पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावत. मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघं सोबत नाचले. भय्याजी टोमणा मारी, गोमाजी उत्तर देई, आणि सांगून ठेवतो, दहातल्या आठ वेळा भय्याजीच तोंडावर पडे. पब्लिकला तेच तर पाहायचं असे.

या पार्टीचा एक कायदा होता. उस्ताद पुंडलिकरावांनी घालून दिलेला. ते आता नाहीत, पण कायदा आहे. जोकरानं कोणाचीही थट्टा करावी, सरपंचाची करावी, जावयाची करावी. पण ज्याची केली त्याला जबाब द्यायला मिळालाच पाहिजे. तो तोंड उघडेपर्यंत ढोलकी वाजायची नाही. त्याला काही सुचलंच नाही, तर जोकरानं त्याला हात जोडायचे आणि मगच पुढं जायचं. पुंडलिकराव म्हणत, "ज्याले हासले त्याले तसाच घरी नको पाठवू बापा. उद्या त्याले याच गल्लीतून जाचं आहे."

भय्याजीचा असाच एक खेळ कोण्या पोरानं मोबाइलवर टिपला आणि तो फिरत फिरत पार मुंबईला पोचला. तिथल्या एका वाहिनीवर 'बसा आणि हसा' नावाचा कार्यक्रम लागे. चार विनोदवीर टेबलामागं बसणार, समोर पाहुणा येणार, हे चौघं त्याची मस्करी करणार. त्यात पाचवी खुर्ची भय्याजीला मिळाली. गावानं फटाके फोडले. बेबीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बॅगेत लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले, आणि हा गडी निघाला.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्याला तिथं फार आवडलं. एसीची हवा, चहा मागायच्या आधी चहा. रुपा मॅडम कार्यक्रमाच्या दिग्दर्शक; बाई हुशार, बोलायला गोड. फक्त मंगेश नावाचा जुना विनोदवीर जरा आखडून असे. भय्याजीच्या "मले-तुले"वर लोक हसले की त्याच्या पोटात दुखे.

एक दिवस मॅडम म्हणाल्या की तुमच्या गावाकडचा कोणी पाहुणा आणू या. भय्याजीनं क्षणाचाही विचार केला नाही. गोमाजीला फोन लावला. गोमाजी आधी नाहीच म्हणत होता. वय झालं, कवळी बसवली, आता मुंबईला कशाला तोंड दाखवायचं, असं त्याचं चाललं होतं. शेवटी त्यानं एकच विचारलं, "तिथं जबाब भेटते का गा?"

"भेटते," भय्याजी म्हणाला. "माहा शब्द आहे."

गोमाजी आला. दिव्यांच्या त्या झगझगाटात लुगडं नेसून उभा राहिला. मागच्या मंडईत खरंच घडलेली गोष्ट भय्याजीनं सुरू केली: ही आमची बाई पब्लिककडं पाहून एवढी गोड हसली, एवढी गोड हसली, की कवळी खाली पडली आणि लोकांनी वन्स मोअर दिला. सगळा स्टुडिओ हसला. मंगेश तर टेबलावर हात आपटून हसला. मग भय्याजी गप्प बसला आणि जबाबाची वाट पाहू लागला.

गोमाजीनं पदर सावरला, कमरेवर हात ठेवला, आणि सगळं शांत होऊ दिलं. मग म्हणाला, "माहे दात पडले, मंजूर आहे. होते म्हणून पडले. याची अक्कल आजवर एकदाही नाही पडली. असंल तवा पडंल ना."

त्यानंतर जो हशा झाला तो भय्याजीच्या खेळाला जन्मात मिळाला नव्हता. कॅमेरेवाले हसले, चहावाला हसला. भय्याजीनं उठून गोमाजीचे पाय धरले. दोघं जेवले, समुद्र पाहिला, आणि गोमाजी खुशीत गावी परतला. नातीला, खुशबूला, सांगून ठेवलं, रविवारी टीव्ही लाव, तुझा आजा काय बोलला ते पाहा.

रविवारी गोमाजीच्या घरात अर्धा मोहल्ला गोळा झाला. टीव्हीवर कवळीची गोष्ट आली. स्टुडिओ हसला. मंगेशनं टेबल बडवलं. आणि जाहिरात लागली. जाहिरातीनंतर दुसराच पाहुणा. गोमाजीचा जबाब कापून टाकलेला! उरला काय, तर भरल्या लोकांत हसू झालेला, लुगड्यातला, मुका म्हातारा.

मुंबईत भय्याजीनं ते पाहिलं आणि लगेच गावाला फोन लावला. गोमाजी फोन उचलेना. बेबीबाईनं मात्र उचलला, आणि उचलल्या उचलल्या नवऱ्याची चांगली हजेरी घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी त्याले हासले त्याचं काही नाही. ते तुमचं जन्माचंच आहे. पण खुशबू त्याले म्हणते, आजा, तू तं चूप बसला होता. तो म्हणते, मी बोल्लो होतो. तं पोरगी म्हणते, खोटं बोलून राहिला तू. तवापासून त्यानं कवळी डब्यात ठेवली. हासत नाही, धड जेवत नाही."

हे ऐकून भय्याजीला अन्न गोड लागेना. राग, चेष्टा, शिव्या, सगळं त्यानं पचवलं असतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर कोणाचं उत्तर उधार ठेवलं नाही, तो आज नातीच्या नजरेत खोटारडा ठरला होता, आणि तेही याच्या शब्दावर विश्वास ठेवून.

तो मॅडमकडं गेला. जबाब पुढच्या भागात दाखवा म्हणाला. जमत नसेल तर तेवढा तुकडा मोबाइलवर द्या, पोरीला दाखवतो. मॅडमनी ऐकून घेतलं. शेवटचा हशा आपल्या खुर्चीतल्या माणसाचा असायला हवा, अशी पद्धत आहे म्हणाल्या. पाहुणा जिंकला तर लोक आपल्याला कशाला पाहतील? आणि चित्रीकरण बाहेर द्यायची परवानगी नसते. मंगेश तिथंच तोंडाला रंग लावत बसला होता. तो म्हणाला, ही काय गावची जत्रा आहे का?

आणि पुढच्या चित्रीकरणाला भय्याजीनं काय करावं? पाहुणी म्हणून एक नवखी नटी आली होती. तिच्या पडलेल्या सिनेमावर मंगेशनं टोला हाणला, लोक हसले, सूत्रसंचालक पुढं बोलू लागला. तोच भय्याजी म्हणाला, थांबा, बाईचा जबाब येऊ द्या. सगळ्यांना वाटलं हा विनोदच. पुन्हा घेतलं, पुन्हा यानं थांबवलं. ती बिचारी भांबावून इकडंतिकडं पाहत होती. तिला तिथं कोणी कधी काही विचारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा मंगेश चिडून उभा राहिला आणि याला बाहेर काढा म्हणाला. मॅडमनी भय्याजीला बाजूला घेतलं, समजावलं. असं चाललं तर तुम्हाला ठेवता येणार नाही, हेही सांगितलं.

भय्याजीनं शर्टाला लावलेला माईक काढून त्यांच्या हातात दिला. "मॅडम, तुमी वाईट नाही," तो म्हणाला. "पण मले याच्यात हासवता येत नाही." नटीपुढं जाऊन हात जोडले आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातम्या फिरल्या, की विदर्भाच्या विनोदवीराच्या डोक्यात हवा गेली, सेटवर भांडण करून पळाला. भय्याजी तुमसर रोड स्टेशनला उतरून एसटीनं आंधळगावला आला तोवर पानठेल्यावर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कोणी म्हणे, आलेली लक्ष्मी लाथाडली. कोणी म्हणे, काढलाच असंल. भय्याजीनं घरी बॅगसुद्धा ठेवली नाही. सरळ गोमाजीच्या अंगणात गेला.

गोमाजी त्याला पाहून आत गेला आणि दार लोटून घेतलं. अंगणात खुशबू अभ्यास करत बसली होती. चौथीतली पोर, नजर करडी. "आजा नाही भेटत तुमाले," ती म्हणाली.

"तुह्याशीच काम आहे," भय्याजी म्हणाला. मोहल्ल्यातली चारदोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. त्यानं तिथंच मातीत उभं राहून कवळीची गोष्ट पहिल्यापासून केली. तसाच हसला, मंगेशसारखा टेबल बडवल्याचा आवाज केला. मग खांद्यावरचा दुपट्टा पदरासारखा घेतला, कमरेवर हात ठेवला आणि गोमाजी झाला.

"अन् तुहा आजा म्हणाला, माहे दात पडले, पण याले अक्कल नाही."

कोणी हसलं नाही. खुशबूनं तर नाक मुरडलं. एवढ्या वर्षांत दुसऱ्याचा जबाब भय्याजीला कधी बोलता आला नव्हता. जबाब त्यानं फक्त खाल्ले होते. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच, आळणी.

आतून आवाज आला, "असं नाही बोल्लो मी."

"मंग कसं?" भय्याजी दाराकडं न पाहता म्हणाला.

"दात पडले म्हनलं की थांबाचं. घाई करतं लेका तू, पहिल्यापासून."

"येऊन सांग."

आत भांडी वाजली. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. दार उघडून गोमाजी ओट्यावर आला तेव्हा तोंडात कवळी होती आणि डोळे लाल. त्यानं भय्याजीच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, डोक्यावर घेतला, कमरेवर हात ठेवला. आणि थांबला.

"माहे दात पडले, मंजूर आहे. होते म्हणून पडले. याची अक्कल आजवर एकदाही नाही पडली..."

पुढचं ऐकू आलंच नाही. कुंपणाशी हशा फुटला. खुशबू पुस्तक टाकून भय्याजीकडं बोट दाखवत हसत सुटली. हसता हसता थांबली आणि आजाकडं पाहत राहिली. मग भय्याजीला म्हणाली, "खरंच? सगळ्याईसमोर असाच बोल्ला?"

"असाच. मी पाय धरले त्याचे."

पोरगी उठली, आजाच्या पोटाला मिठी मारली आणि तिथंच तोंड खुपसून रडू लागली. गोमाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. भय्याजी बॅग उचलून निघाला.

"कुठं चालला?" गोमाजी म्हणाला. "माहा राग नाही गेला अजून."

"राहू दे. रागात बाई चांगली वठते तुही."

गोमाजी हसला नाही. नातीला तसंच धरून तो ओट्यावर थोडा सरकून बसला, आणि भय्याजी येऊन त्या मोकळ्या जागी टेकला.