आडवा उजेड

गालेसोंगच्या किनाऱ्यावर होडीसाठी दिवा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी समोरच्या गोदामाच्या भिंतीवर उजेड पाडून बघतं. ठिपका जितका लहान आणि झगझगीत, तितका दिवा भारी, असा गावाचा ठाम समज. दिवे विकणाऱ्या दाएंग कानांगला त्याचा भयंकर राग यायचा. "भिंतीवर मासे धरायचेत का?" ती फटकन विचारायची.

दिवे जुळवायचं काम ती नवऱ्याकडून शिकली आणि तो गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. मोठ्या एलईडीचा उजेड मुळात चहूकडे सांडतो. त्याला शिस्त लावतं ते वरचं भिंग, आणि भिंग पारखायची कानांगची तऱ्हा जगावेगळी. तेलाच्या आडव्या पिंपावर फळी टाकायची, तिच्यावर चढायचं आणि दिवा हातात धरून डोलत राहायचं. होडी डोलते, मग दिवा काय स्थिर उभं राहून पारखायचा? पन्नाशीची बाई अशी झुलताना पाहून शेजारणी तोंडावर हात धरून हसत. हसोत बापड्या.

गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ तोजेंग धक्क्यासमोरच्या प्रवाळाच्या खिंडीत आपटता आपटता वाचला होता. खिंडीच्या दोन्ही कडांना एकेक खांब आहे. त्याच्या दिव्याचा झोत बारीक, त्यामुळे डावा खांब दिसला की उजवा अंधारात जायचा. म्हणून यंदा तिनं तीन भिंगं फळीवर नेली. पहिल्याचा झोत नेहमीसारखा बारीक. दुसऱ्याचा इतका पसरट की उजेड पातळ व्हायचा. तिसरं रेघारेघांचं. ते उजेड खाली-वर आवळून धरायचं आणि आडवा पसरवायचं. डोलता डोलता तिला गोदामाची दोन्ही टोकं एकदम दिसली.

"हेच," ती म्हणाली.

"यात ठिपका कुठाय?" तोजेंग कुरकुरला.

"ठिपका हवा तर चंद्र बघ. तुला खांब हवेत."

पहाटे तो नवा दिवा घेऊन गेला. संध्याकाळच्या नमाजानंतर परतायचा होता. दुपारी ती तसाच दुसरा दिवा जुळवायला बसली. होडीवर दिवा बसवायचं, वेल्डिंगवाल्याकडून आणलेलं स्टँड लावलं, मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन दिवा पेटवला. उजेड जमिनीपासून आढ्यापर्यंत उभा पडला होता.

फळीवर पारखताना दिवा नुसता हातात होता. स्टँड तिनं नंतर लावलं आणि ते चुकीच्या बाजूला. तोजेंगच्या दिव्यालाही तसंच लावलं होतं.

तिनं फोन लावला. पुन्हा लावला. समुद्रात कुठला फोन लागतोय! तोजेंगची बायको बोल्लो आली, हातात कोतोचा, म्हणजे मांसाच्या रश्श्याचा, गरम वाडगा. "खा ना वन्सं. एवढ्या कसल्या विचारात? दिवा तुमच्या हातचा आहे, मला यंदा घोर नाही बघा." कानांगनं वाडगा बाजूला ठेवला. सांगावं तर हिचा जीव जाईल, आणि न सांगावं तर आपला.

अंधार पडताना ती धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. होडी दिसली ती उजेडामुळेच. माडासारखा उभा झोत, अर्धा आभाळात, अर्धा पाण्यात. तो डाव्या खांबावर गेला, मग उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटायची हिंमतच नव्हती.

मग दिवा विझला.

इंजिनाचा आवाज येत होता, की भास होता? बराच वेळ तसाच गेला. दिवा पुन्हा लागला तेव्हा उजेड पाण्यावर आडवा झोपला होता आणि दोन्ही खांब एकदम उभे दिसत होते. होडी मधून सरळ आत आली.

तोजेंग उडी मारून धक्क्यावर आला. "ताई, दिवा फक्कड! पण स्टँड कुठल्या गाढवानं बनवलंय? दिवा सोडवून दोरीनं आडवा बांधला, तेव्हा कुठं खांब दिसले. त्या वेल्डिंगवाल्याला अशा शिव्या घातल्यात मी!"

वेल्डिंगवाला बाजारात होता. त्याच्यावर ढकललं तर त्याला काय कळणार होतं? धक्क्यावर आलेली बोल्लोही हसत होती.

"स्टँड बरोबर होतं," कानांग म्हणाली. "लावलं मी चुकीचं. त्या शिव्या माझ्या आहेत. दे."

तोजेंग होडी बांधायला वळला.

"दे म्हणते ना! एकेक करून दे," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

पण तोजेंगला आता एकही शिवी आठवेना.