वर बघणारे दौलतबाबा

प्रार्थनेच्या वेळी आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे डोळे मिटतात. दौलतराव शिरसाट मात्र डोळे उघडे ठेवून वर बघायचे. मान मागे, ओठ हलताहेत. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे म्हाताऱ्याची! श्यामकांत पाळकांनी तर एकदा प्रवचनात त्यांचं उदाहरण दिलं. मी मंडळीची चिटणीस, त्यात शाळामास्तरीण. माणूस बघितला की ओळखते असा माझा तोरा. मीही फसले.

दौलतबाबा मूळचे जामखेडकडचे. उभा जन्म प्लास्टरच्या कामात गेला. बायको वारल्यावर बदलापूरच्या बेलवलीत एकटेच राहायचे, आणि दर रविवारी तिथून उल्हासनगरला उपासनेला यायचे. कॅम्प एकमधल्या एका चार मजली इमारतीत तळमजल्याचा हॉल आम्ही सहा वर्षांपूर्वी घेतला होता. वर तीन मजले बिऱ्हाडं. बाबा कायम शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसायचे. पुढे बोलावलं तर म्हणायचे, "हितंच बरंय."

यंदा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मला उशीर झाला आणि मी त्यांच्या शेजारी बसले. प्रार्थना चालू असताना माझ्या उघड्या गीतपुस्तकावर पिठासारखं काहीतरी पडलं. मी फुंकर मारणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"फुकू नका ताई." त्यांनी ती भुकटी चिमटीत चोळली. बोटं तांबूस झाली. "गंज हाय ह्यो."

सगळे गेल्यावर ते खुर्चीवर चढले आणि झाडूच्या दांड्याने छत ठोकत गेले. टक, टक, टक. पंख्याजवळ आल्यावर आवाज बदलला. फुटकं मडकं वाजावं तसा, बद्द.

"पोकळ झालंय. आतल्या सळ्या गंजानं कवाच खाल्ल्यात."

"सळ्यांचं तुम्हाला कसं कळलं?"

ते खाली उतरले. दांडा भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाले, "हे प्लास्टर माझंच हाय."

वीस वर्षांपूर्वी हा हॉल गोडाऊन होता. स्लॅबला भेगा गेल्या होत्या, सळ्या फुगून बाहेर आल्या होत्या. तेव्हाचा मालक म्हणाला, थाप सिमेंट, मार रंग. "सळीचा हातात चुरा व्हत व्हता, ताई. तरी म्या झाकलं." पुढे मंडळीने नेमका हाच हॉल घेतला. पहिल्याच रविवारी त्यांनी वर बघितलं आणि आपल्या हातचं काम ओळखलं. सहा वर्षं बोलले नाहीत. "बोललो असतो तर तुम्ही ईचारलं असतं, झाकलं कुणी?"

पण मी पडले शहाणी! पुढच्या रविवारी ईस्टर, बाहेरचे पाहुणे, संडे स्कूलच्या मुलींचा नाच. मी म्हटलं, "बाबा, वीस वर्षं टिकलंय, आठ दिवसांनी काय होतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. ईस्टर होऊ दे, मग मी कमिटीपुढे ठेवते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

त्यांनी मान डोलावली.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी अकरा मुली हॉलमध्ये पाय आपटून नाचायच्या आणि प्रत्येक ठेक्याला माझा जीव वरखाली व्हायचा. वरच्या बिऱ्हाडात कुणी खुर्ची ओढली तरी मला घाम फुटायचा. सराव बंद करावा, एवढं धाडस काही झालं नाही. मी मुलींना पंख्याखालून चार हात डावीकडे सरकवलं. तेवढाच माझा शहाणपणा.

ईस्टरला हॉल खचाखच भरला. ढोलकी, टाळ्या, नवे कपडे. प्रार्थनेत आता वर बघणारे आम्ही दोघं होतो.

मग पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची साक्ष आहे का?" साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उठून सांगायचं. कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती, कुणाचा गुडघा बरा झाला होता. शेवटच्या रांगेतून दौलतबाबा उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"तुम्ही मला भक्त म्हणता. म्या देवाकडं बघत नाय, स्लॅबकडं बघतो. ह्यो स्लॅब सडलाय. म्याच झाकलाय. हात जोडतो, भाईर चला."

गलका झाला. कुणीतरी "म्हातारा चळला" म्हणालं. पाळकसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "दौलतबाबा, विश्वास ठेवा. देवाच्या घरात भ्यायचं नसतं."

"पाळकसाहेब, सहा वर्षं म्या तुम्हाला भ्यालो. ह्या समद्यांना भ्यालो. देवाला भ्यालो असतो, तर पहिल्याच रविवारी बोललो असतो."

देवाचं भय हीच शहाणपणाची सुरुवात, यावर पाळकसाहेबांनी महिन्यापूर्वीच तासभर प्रवचन केलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं होतं. त्यांनी वर बघितलं. चेहरा उतरला. हातातलं पवित्र शास्त्र मिटून ते म्हणाले, "आधी लेकरांना बाहेर काढा."

वरच्या मजल्यांवरचं एकेक दार बाबांनी स्वतः जाऊन ठोकलं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने हातोडी मारली, तर दरवाजाएवढा तुकडा धाडकन खाली आला. पंख्याखाली नव्हे. चार हात डावीकडे.

इमारत रिकामी करायचा हुकूम झाला. गाद्या, भांडी, कपाटं रस्त्यावर आली. पहिल्या मजल्यावरची जिज्ञासा बाबांसमोर येऊन उभी राहिली. "मेरी दोनों बेटियाँ इसी के ऊपर चलना सीखीं, बाबा. पता था तो बोला क्यूँ नहीं?"

"भ्यालो, बेटी," ते म्हणाले. ती रडत होती, वाट्टेल ते बोलत होती. ते हात जोडून ऐकत राहिले, एक पाऊल मागे सरले नाहीत. तिची गादी उचलून मी शेजारीच उभी होते. मला तिने काही विचारलं नाही.

हल्ली दौलतबाबा आपण काम केलेल्या जुन्या इमारती शोधत अंबरनाथपर्यंत पायी हिंडतात. काही लोक आत घेतात, काही दार लावून घेतात. आम्ही एका शाळेच्या वर्गात जमतो. स्लॅबचं मला आठ दिवस आधीच ठाऊक होतं, हे बाबांनी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दर रविवारी पाळकसाहेब विचारतात, "कुणाची साक्ष आहे का?" त्या अकरा मुली माझ्या पुढच्याच बाकांवर बसलेल्या असतात. आणि मी गीतपुस्तकात पुढच्या गीताचं पान शोधत बसते.