संदीपची प्राग ट्रिप

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. मित्रमंडळींत एखादा संदीप असला की ते घरबसल्या साचतात, आणि लॉकडाऊनमध्ये तर आम्ही सगळे घरीच बसलो होतो!

संदीप आणि वैदेही सिडनीत क्वेकर्स हिलला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. वैदेही नर्स. लग्न झाल्यापासून तिला एकदा प्राग बघायचं होतं, आणि लग्न झाल्यापासून संदीपचं उत्तर एकच, "युरोप परवडत नाही गं!"

ऑस्ट्रेलियाच्या बॉर्डर बंद झाल्या त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर संदीपने छाती पुढे काढून जाहीर केलं, "वैदेही, आपण प्रागला जायचं!"

एवढा सुरक्षित शब्द आजवर कुठल्या नवऱ्याने दिला नसेल.

*

पण गडी पेटला. दर शनिवारी कॉलवर आम्हाला "स्वस्तात प्राग"चे धडे सुरू झाले. पहिला धडा जेवणाचा. हॉटेलात खायचं नाही, रूममधल्या किटलीत मुगाची खिचडी लावायची. प्रात्यक्षिक लगेच, कॅमेऱ्यासमोर!

फोडणीपर्यंत सगळं ठीक होतं. मग किटलीतून धूर आला आणि अख्ख्या घरातले दिवे गेले.

अंधारातून वैदेहीचा आवाज आला, "ही खिचडी मात्र युरोपात परवडेल हं!"

*

दुसरा धडा सामानाचा. मोठी बॅग न्यायचीच नाही, कपडे अंगावर घालायचे. भर उन्हात संदीप तीन स्वेटर आणि दोन पँट्स चढवून व्यायामाच्या नावाखाली फिरायला निघाला. कोपऱ्यावर पोलिसाने अडवलं.

"यू ऑल राइट, मेट?"

"प्रॅक्टिसिंग फॉर प्राग!"

"बॉर्डर्स आर क्लोज्ड, मेट."

"नो वरीज, आय अ‍ॅम नॉट इन अ हरी!"

पोलिसाने त्याला पाणी पाजलं आणि घरी जाऊन बसायला सांगितलं.

*

एका शनिवारी संदीप स्क्रीनवर आम्हाला प्रागचं जुनं शहर फिरवत होता. प्रसिद्ध घड्याळ चौकातूनच बघायचं, वर चढायचं नाही, तिकीट लागतं. वैदेही नुकतीच ड्यूटीवरून आली होती. मास्कचे वळ तोंडावर तसेच. त्या आठवड्यात तिच्या वॉर्डात काय काय झालं ते आम्हाला ठाऊक होतं.

ती मधेच म्हणाली, "तो जुना पूल आहे ना, तिथे पहाटे गर्दी नसते ना रे?"

"पहाटे फुकट, दुपारीही फुकट! पुलाला तिकीटच नाही!"

त्यांची मुलगी शेजारून म्हणाली, "डॅड, शी जस्ट वॉन्ट्स टु स्टँड देअर."

त्या दिवशी आम्ही कोणी हसलो नाही. मला तर संदीपचा खराच राग आला.

*

आणि एक दिवस बॉर्डर उघडल्या! संदीपचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"अगं, पण आता आपलं सगळं पाहून झालंय की!"

वैदेहीने रजा टाकली, दोन तिकिटं काढली आणि मग त्याला सांगितलं.

निघायच्या दिवशी मी त्यांना ट्रेनपर्यंत सोडायला गेले होते. पुढचं वैदेहीने बऱ्याच दिवसांनी फोनवर सांगितलं. सिडनीत एअरपोर्टच्या स्टेशनावर उतरलं की जादा पैसे पडतात. त्यामुळे आदल्या मॅस्कॉट स्टेशनला संदीप बॅग घेऊन उठला. "चल, इथे उतरू. इथून आरामात चालत जाता येतं!"

वैदेही जागची हलली नाही. म्हणाली, "तू उतर."

तो उतरला. दरवाजे बंद झाले.

दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. पहाटेचा पूल, गर्दी अजिबात नाही आणि कठड्याला टेकून वैदेही. एकटीच. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी लगेच विचारलं, "अगं, संदीप कुठे?"

तिचं उत्तर आलं, "येतोय. चालत!"