बाबांची डीव्हीडी आणि रीजनचा शेवटचा बदल

मित्रहो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आई अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे आली, ती पिशवीत एक डीव्हीडी घेऊन. बाबा वारले त्याआधी ताईकडे अमेरिकेत होते, तेव्हा तिथल्या मराठी मंडळात बोलले होते. मंडळाने काढलेली ती डीव्हीडी ताईने आत्ता पाठवली.

घरच्या प्लेयरने ती घेतलीच नाही. ‘चुकीचा रीजन’, एवढंच पडद्यावर. अमेरिकेसाठी काढलेली डिस्क इथल्या प्लेयरमध्ये चालत नाही म्हणे!

मग जुन्या कॉम्प्युटरमध्ये टाकली. रीजन, म्हणजे कुठल्या देशांच्या डिस्क चालतील ते, मोजक्याच वेळा बदलता येतं आणि आता ही शेवटची वेळ, असं त्याने बजावलं. म्हणजे इथे विकत घेतलेल्या माझ्या सिनेमांच्या डिस्क त्यावर कायमच्या बंद. माझा हात थांबला.

“काहून थांबला रे?” आई म्हणाली. “सिनेमे कुठंबी दिसतीन. तुहे बाबा कुठं दिसतीन?”

मी बटण दाबलं. बाबा स्टेजवर आले, माईक सरळ केला आणि म्हणाले, “मांगं आवाज येऊन राहिला नं?”

“येऊन राहिला,” आई पडद्याला म्हणाली.

ती अजून तिथून उठलेली नाही. आणि कॉम्प्युटरचा ड्राइव्ह फार घरघरतो आहे. तो बंद पडायच्या आत हे दुसरीकडे उतरवून द्यायला कोणाला जमेल का? आजच सांगा.