एकाच तपासणीची चिठ्ठी

बोरसे डॉक्टर गेल्याचं महिन्यापूर्वी शाळेच्या फोनवर कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, नक्की कशानं गेले? नीट तपासण्या केल्या होत्या का? माणूस गेला तरी माझा संशयी स्वभाव जात नाही...

गोडादरा वस्तीतला त्यांचा दवाखाना पोटासाठी या शहरात आलेल्या आम्हा खानदेशी लोकांनी भरलेला असे. शहरात प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ सुभाष तापानं फणफणला. तो नवागामच्या वस्तीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होता. डॉक्टरांनी फक्त मलेरियासाठी रक्त तपासायला सांगितलं. काही निघालं नाही. तेव्हा म्हणाले, "थंडी वाजली की लगेच आणा, मास्तर. हीच तपासणी पुन्हा करू." बाहेर रांग लागलेली, त्यामुळे बोलणं तिथंच संपलं. माझ्या डोक्यात मात्र चक्रं फिरू लागली. तीच तपासणी दोनदा? लॅबवाल्याशी साटंलोटं असणार. नाहीतर लूमवाल्याला कशाला हव्यात मोठ्या तपासण्या, असं वाटत असणार. मी शिकलेला माणूस, मला कोण बनवणार?

त्यांना न सांगता मी सुभाषला शहरातल्या एका बड्या लॅबमध्ये नेलं आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यांत टायफॉइडची 'पॉझिटिव्ह' आली. मला कोण आनंद झाला... आजार सापडला म्हणून नव्हे, बोरसे डॉक्टर चुकले म्हणून. हे लिहिताना लाज वाटते. दुसऱ्या डॉक्टरांकडून टायफॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. "भाऊ, माले बोरसे डॉक्टरकडे ली चाल," सुभाष विनवायचा. मी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी तो मला ओळखेना.

मग बोरसे डॉक्टरांकडे धावत गेलो. डॉक्टर घरी आले, रिपोर्टांचा गठ्ठा बाजूला सारला आणि सुभाष थंडीनं कुडकुडत असतानाच त्याच्या बोटातून रक्त घेतलं. मलेरियाच निघाला. थंडी भरलेली असताना घेतलेल्या रक्तात त्याचे जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते, हे मला तेव्हा कळलं. सुभाष वाचला, पण थोडक्यात. "ती टायफॉइडची तपासणी कधीकधी फसवते," एवढंच डॉक्टर म्हणाले. मी माफी मागितली नाही. उलट, हे रागावले कसे नाहीत, याचाच मला संशय आला.

गेल्या रविवारी वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्या दवाखान्यातली कपाटं आवरत होत्या. त्यांनी सुभाषचा जुना केसपेपर माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी माझ्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलं असणार, या धास्तीनं मी तो उलटून पाहिला. लिहिलं होतंच. खाली, त्यांच्या तिरक्या अक्षरात, "मास्तरांना तीच तपासणी पुन्हा करण्याचं कारण सांगितलं नाही. चूक माझी."