सांगितल्याशिवाय जायचं न्हाई

आमच्या म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी हाय. आता गोठ्यात, घटकाभरानं रस्त्यावर, तिथनं शाळंच्या फाटकाशी, की परत घरात. चहासुदिक उभ्यानं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनतात, पन ह्या वयात मला कोन बोलनार हाय? सहादेव. उभी हयात ऊस तोडन्यात गेली, आन कंबर मोडली तवा कुठं घरी ऱ्हायला. आमची वस्ती तिसगावापासनं आत. दिवाळी झाली की पोरगा अंगद आन सून सुकन्या ऊसतोडीला जातात, त्यांची लेक दिपाली आमच्यापाशी.

आमच्या वस्तीची एक रीत हाय. ट्रक हलताना मागं कुनी रडायचं न्हाई. रडलं की कोयत्याला अपशकुन. मोठी मानसं तोंडात पदर कोंबत्यात, लेकरू कसं ऐकनार? म्हनून लेकराला काहीतरी काम सांगून लांब धाडायचं आन तेवढ्यात निघायचं. माझ्या सासूनं केलं, मी केलं, सगळी वस्ती करती. त्यात काही वाईट असंल, असं कुनाच्या डोक्यातसुदिक आलं न्हवतं.

मागल्या साली सुकन्यानं दिपालीला साखर आनायला धाडलं. पोरगी पुडी घेऊन आली तर अंगनात नुसत्या चाकांच्या खुना. रडली न्हाई ती. पुडी माझ्या हातात दिली आन भिंतीला पाठ लावून बसली. तवापासनं तिचं बोलनंच तुटलं. एवढी शाळंत जानारी पोर, अंथरुन ओलं करायला लागली. झोपताना माझ्या पदराला आपल्या फ्रॉकची गाठ मारायची. मी परसाकडं गेले तरी दाराशी हुभी. कुनी काही काम सांगितलं की जागची हलायची न्हाई, धपाटा घातला तरी न्हाई. मी म्हनलं, नजर लागली. मीठमिरच्या ओवाळल्या. कशाचा काही उपेग झाला न्हाई.

म्हाताऱ्यानं तिला तालुक्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरबाईनं बराच येळ विचारपूस केली. म्हनली, अंगात दुखनं न्हाई, पोरीनं धसका घेतलाय. आपल्या मानसांच्या बोलन्यावरचा तिचा भरवसा उडालाय. परत असं फसवून गेलात तर तो धसका कायमचा बसंल.

झालं! म्हाताऱ्यानं तेच धरलं. यंदा दसऱ्यापासनं पोरीच्या मागं एकच, "दिपा, दिवाळी झाली की आई जानार हाय बरं का. गुढीपाडव्याच्या सुमाराला येईल." पोरगी ऐकायची आन कान झाकून पळायची. म्हातारा तिच्या मागं. तोडीवर ऱ्हायला बांधत्यात तशी पाचटाची कोपी अंगनात करून दावली. इथं आई झोपती, इथं तिची चूल, इथनं पानी आनती. आईचं बोचकंसुदिक तिलाच बांधायला लावलं. माझा तर जीव तुटायचा.

"अहो, सनासुदीचं लेकराला गोड खाऊ द्या की! कशाला रोज उगाळता?"

"केशर, तिला सगळं ठाव हाय. आपुनच लपवतोय."

जायच्या दिवशी ट्रक दारात हुभा, सगळी टोळी वर चढलेली, आन सुकन्याचा कोयता सापडंना. सगळं घर पालथं घातलं. निघतानाच कोयता हरवावा, ह्यो केवढा अपशकुन! मुकादम आदिनाथ खाली उतरला. "तात्या, पोरीला आधी दुकानाकडं धाडा. रडली तर साऱ्या टोळीला भोवंल."

"न्हाई धाडत," म्हातारा म्हनला.

सुकन्या रडकुंडीला आली. "मामा, पाया पडते तुमच्या. तिच्या तोंडाकडं बघून मला गाडीत चढवनार न्हाई."

"तुला जमत न्हाई म्हनून तिनं भोगायचं व्हय?"

लई टोचून बोलला. मला राग आला. सून काय हौसेनं चालली हुती का? मी बी तोंड सोडनार, तेवढ्यात दिपाली कडब्याच्या गंजीकडं गेली, आत हात घातला आन कोयता काढला. तिनंच लपवला हुता. दोन्ही हातांनी आईपुढं धरला.

"आई, तू जा. पन मी रडनार हाय."

सुकन्यानं कोयता बाजूला ठेवला. पोरीला पोटाशी धरून म्हनली, "मी चाललेय, दिपा. पाडव्याला येते." बापानं बी तिच्या तोंडावरनं हात फिरवला. आन मग पोरगी रडली! अशी रडली की आदिनाथनं कपाळावर हात मारला. ट्रकमागं पार डांबरीपातुर पळाली, आईला शिव्या देत, धोंडे फेकत. म्हातारा कंबर धरून तिच्यामागं. वस्तीवरच्या बाया मला म्हनल्या, तुमच्या घरानं सगळ्यांचं वाटोळं केलं. मला तोंड वर काढवंना.

दोन दिस पोरीनं भाकरीला हात लावला न्हाई. मी म्हाताऱ्याला लई बोलले. "घ्या! झालं समाधान?" तो पोरीचं बोट धरून नुसता वस्तीभर फिरायचा. मग एका सकाळी पोरगी ताटावर बसली आन माझ्यावर खेकसली, "आजी, भाजी किती खारट केलीस गं!" तोंड वाजलं एकदाचं! मी तिथंच हात जोडले. आता आठवन आली की रडती, रडून झालं की खेळायला जाती. अंथरुन कोरडं असतं. गाठ बी मारत न्हाई. माझी भीती मात्र गेली न्हाई. मोबाईल वाजला की आधी त्यो अपशकुन आठवतो, मग हात पुढं होतो.

परवा म्हातारा गोठ्यात शेन काढत हुता. लई खोकत हुता. दिपाली दाराशी जाऊन हुभी ऱ्हायली.

"आबा, तू मरायच्या आधी मला सांगशील ना?"

मी तिथंच भांडी घासत हुते. मनात म्हनलं, आता तरी खोटं बोल रे बाबा. सांग, मी कशाला मरतोय म्हनून. पन ह्या मानसाची जीभ तसं वळतच न्हाई. खोरं खाली ठेवलं, पोरीकडं बघितलं.

"ते मला बी आधी कळायचं न्हाई, दिपा. कळलं तर पैलं तुला सांगीन."

पोरीनं इचार केला. "मग रोज सकाळी सांगत जा. आज जातोस का न्हाई, ते."

आता रोज चहाच्या आधी ती इचारती, "आबा, आज?" आन तो म्हनतो, "आज न्हाई." मग ती दप्तर घेऊन शाळंला पळती. मी चुलीपाशी बसून ऐकते. त्याला बोलायला जरा उशीर झाला, की माझाच जीव खालीवर हुतो.